घरातल्या टाकीत प्रवाळ जगवणं इतकं अवघड का असतं? पाणी, प्रकाश, वीज आणि भारतातला कायदा

निळ्या प्रकाशात चमकणारी काचेची टाकी. आत हिरव्या, जांभळ्या, केशरी रंगांची डोलणारी 'फुलं' आणि त्यांच्यामधून फिरणारा क्लाउनफिश. इन्स्टाग्राम किंवा यूट्यूबवर असा व्हिडिओ तुमच्यासमोर कधी ना कधी आला असेल. खाली कमेंट्समध्ये हमखास एक प्रश्न असतो, "हे घरी ठेवता येतं का?"

उत्तर आहे, काही देशांमध्ये हो. अमेरिका, जर्मनी, ब्रिटन, जपान अशा देशांत हजारो लोक घरात खाऱ्या पाण्याची टाकी ठेवतात आणि त्यात जिवंत प्रवाळ वाढवतात. याला 'रीफ टँक' म्हणतात. पण त्या ३० सेकंदांच्या व्हिडिओत एक गोष्ट दिसत नाही. वर्षभर जपलेलं प्रवाळ एका रात्रीत मरू शकतं, आणि मालकाला ते सकाळीच कळतं.

असं का होतं? टाकीत प्रवाळ जगतं तरी कशावर? आणि भारतात असं काही करायला परवानगी आहे का? समजून घेऊया.

प्रवाळ म्हणजे नेमकं काय?

प्रवाळ दिसायला झाडासारखं, हाताला दगडासारखं, पण प्रत्यक्षात तो प्राणी आहे. खरं तर हजारो प्राण्यांची वसाहत. यातल्या प्रत्येक छोट्या जीवाला पॉलिप म्हणतात. मधोमध तोंड, भोवती बारीक शुंडके, आणि खाली स्वतःच तयार केलेला चुनखडीचा सांगाडा.

आपल्याकडे अंगठीत घालतात ते लाल पोवळं म्हणजेही एका प्रवाळाचा सांगाडाच. पण ती जात वेगळी. ती भूमध्य समुद्रात, अंधाऱ्या जागी वाढते. रीफ टँकमध्ये असतात ती उष्ण कटिबंधातली, उथळ आणि उजेडाच्या पाण्यातली प्रवाळं.

या उथळ पाण्यातल्या प्रवाळांचं एक गुपित आहे. त्यांच्या शरीरात सूक्ष्म शैवाल राहतं. हे शैवाल प्रकाशापासून अन्न तयार करतं आणि त्यातला मोठा वाटा प्रवाळाला देतं. अनेक जातींमध्ये प्रवाळाची ऊर्जेची ९० टक्क्यांपर्यंतची गरज यातून भागते. बदल्यात प्रवाळ शैवालाला राहायला जागा आणि पोषक द्रव्यं देतं.

ही भागीदारी टिकली तर प्रवाळ जगतं. पाणी जास्त गरम झालं किंवा प्रकाश अचानक वाढला की ती मोडते. प्रवाळ आतलं शैवाल बाहेर टाकतं, रंग जातो आणि खालचा पांढरा सांगाडा दिसू लागतो. यालाच 'ब्लीचिंग' म्हणतात. ब्लीच झालेलं प्रवाळ लगेच मेलेलं नसतं, उपाशी असतं. परिस्थिती वेळेत सुधारली तर ते सावरू शकतं.

घरात प्रवाळ ठेवायला सुरुवात कशी झाली?

बरीच वर्षं असा समज होता की प्रवाळ टाकीत जगतच नाही. १९६१ साली इंडोनेशियातल्या जकार्तामधल्या ली चिन एंग यांनी एका मत्स्यालयविषयक मासिकात आपली पद्धत मांडली. समुद्राचं पाणी, समुद्रातले सूक्ष्मजीवांनी भरलेले खडक, हवेचे बुडबुडे आणि सूर्यप्रकाश, एवढंच. यंत्रं जवळपास नाहीतच.

पण समुद्र जवळ नसलेल्या थंड देशांत हे कसं करायचं? तिथे जर्मन भाषक शौकिनांनी वाट काढली. पीटर विल्केन्स यांच्यासारख्या अभ्यासकांनी चुन्याच्या निवळीचा वापर लोकप्रिय केला. जिवंत खडक, प्रोटीन स्किमर आणि तीव्र प्रकाश या त्रयीला पुढे 'बर्लिन पद्धत' हे नाव मिळालं. आज एलईडी दिवे आणि मोबाइलवर चालणारी उपकरणं आली असली तरी पाया तोच आहे.

सगळ्यात आधी पाणी

घरच्या नळाचं पाणी थेट वापरता येत नाही. त्यात क्लोरीन असतं, कधी फॉस्फेट आणि सिलिकेट असतं, आणि पाइपमधून आलेलं तांबंही असू शकतं. माणसाला चालणारं तांब्याचं प्रमाण प्रवाळ, कोळंबी आणि गोगलगायींना मारक ठरतं. म्हणून पाणी आधी आरओ आणि मग डीआयोनायझेशन फिल्टरमधून काढतात. त्यात खास मत्स्यालयासाठी बनवलेलं मीठ घालतात. स्वयंपाकाचं मीठ चालत नाही, कारण समुद्राच्या पाण्यात सोडियम क्लोराइडसोबत मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम असं बरंच काही असतं.

खारेपणा साधारण दर हजार भागांत ३५ भाग ठेवतात. आणि इथेच नवखे लोक पहिली चूक करतात.

टाकीतलं पाणी रोज थोडं वाफ होऊन उडतं. पण मीठ उडत नाही, ते आतच राहतं. समजा, २०० लीटरची टाकी आहे आणि रोज २ लीटर पाणी उडतंय. आठवड्यात १४ लीटर गेले. आता तेवढंच मीठ १८६ लीटर पाण्यात आहे, म्हणजे खारेपणा ३५ वरून जवळपास ३७.६ वर गेला. अशा वेळी पातळी भरायला खारं पाणी ओतलं तर तो आणखी वाढतो. उडालेल्या पाण्याच्या जागी नेहमी मीठ नसलेलं शुद्ध पाणीच घालायचं असतं, तेही रोज थोडं थोडं.

नवीन टाकीत पहिल्या दिवशी प्रवाळ टाकणं ही दुसरी चूक. माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या अन्नातून अमोनिया तयार होतो. तो विषारी असतो. काही जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, आणि पुढे त्याचं तुलनेनं कमी घातक नायट्रेट होतं. हे जिवाणू खडकांवर स्थिरावायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. नाजूक जातींसाठी तर अनुभवी लोक कित्येक महिने थांबतात.

तीन आकडे, ज्यांवर सगळं अवलंबून आहे

प्रवाळ सांगाडा बांधतं कॅल्शियम कार्बोनेटचा. त्यासाठी लागणारा माल ते पाण्यातूनच उचलतं. म्हणून रीफ टँक ठेवणारे लोक तीन गोष्टी सतत मोजतात.

• कॅल्शियम: साधारण ४०० ते ४५० पीपीएम

• अल्कलिनिटी, म्हणजे पाण्यातल्या कार्बोनेट-बायकार्बोनेटचा साठा: साधारण ७ ते ११ डीकेएच

• मॅग्नेशियम: साधारण १२५० ते १३५० पीपीएम

यातली अल्कलिनिटी सगळ्यात नाजूक. का? हिशेब पाहा. सांगाडा बांधताना अल्कलिनिटी २.८ डीकेएचनं घटते, तेव्हा कॅल्शियम फक्त २० पीपीएमनं घटतं. समजा, एका भरलेल्या टाकीत रोज १ डीकेएच खर्च होतेय. तीन दिवसांत अल्कलिनिटी ८ वरून ५ वर येईल, म्हणजे धोक्याच्या पातळीला. त्याच तीन दिवसांत कॅल्शियम मात्र ४२० वरून ४०० च्या आसपास येईल, म्हणजे अजूनही ठीक. फक्त कॅल्शियम मोजणाऱ्याला वाटेल सगळं छान चाललंय.

मॅग्नेशियमचं काम वेगळं. ते पुरेसं असलं की पाण्यातलं कॅल्शियम आणि कार्बोनेट आपोआप एकत्र येऊन पंपावर किंवा हीटरवर चुन्यासारखं साचत नाही.

आकडा नेमका किती, यापेक्षा तो स्थिर असणं जास्त महत्त्वाचं. कायम ८ वर असलेली टाकी ही सोमवारी ७ आणि गुरुवारी १० असणाऱ्या टाकीपेक्षा बरी. अल्कलिनिटी कमी दिसली म्हणून एकाच दिवशी भरपूर पावडर ओतणं हे ॲक्रोपोरासारख्या फांद्यांच्या प्रवाळाच्या मृत्यूचं नेहमीचं कारण आहे. म्हणून ही द्रव्यं छोट्या पंपानं दिवसभर थेंब थेंब देतात.

पीएच ८.१ ते ८.४ च्या दरम्यान चांगला मानतात. एसी लावून दारं-खिडक्या बंद केलेल्या खोलीत माणसांच्या श्वासामुळे कार्बन डायऑक्साइड वाढतो, तो टाकीत विरघळतो आणि पीएच खाली येतो. अशा वेळी कुठलंही रसायन घालण्याआधी खिडकी उघडून पाहावी.

जास्त प्रकाश म्हणजे जास्त वाढ का?

नाही. शैवालाला उपयोगी पडणारा प्रकाश 'पार' या मापात मोजतात. मऊ प्रवाळांना साधारण ५० ते १५० पार पुरतो. ॲक्रोपोरासारख्या जाती मात्र २०० ते ३५० पर्यंत, काही वेळा त्याहूनही जास्त मागतात. दोन्ही एकाच उंचीवर ठेवली तर एक भाजेल किंवा दुसरं उपाशी राहील. म्हणून मऊ जाती खाली, कडक जाती वर, अशी मांडणी असते.

टाक्या निळ्या का दिसतात, याचंही उत्तर इथेच आहे. समुद्रात खोल जाताना आधी लाल रंगाचा प्रकाश शोषला जातो, निळा सर्वात खोलवर पोहोचतो. प्रवाळातलं शैवाल या निळ्या प्रकाशाचा चांगला उपयोग करतं. शिवाय निळ्या उजेडात प्रवाळातली काही प्रथिनं चमकतात. व्हिडिओ त्यामुळेच इतके आकर्षक दिसतात. त्यावर फिल्टर चढवला असेल तर गोष्ट वेगळी!

नवीन दिवा आणला की तो पहिल्या दिवशी पूर्ण तीव्रतेनं लावायचा नसतो. कमी प्रकाशापासून सुरुवात करून काही आठवड्यांत हळूहळू वाढवतात. नाहीतर पाणी उत्तम असूनही ब्लीचिंग होतं.

पाणी हलतं का ठेवायचं?

प्रवाळ जागेवरून हलू शकत नाही. त्याच्याकडे प्राणवायू आणणं, अन्न पोहोचवणं आणि अंगावरचा चिकट स्राव, कचरा वाहून नेणं ही सगळी कामं प्रवाह करतो. पण एकाच दिशेनं सतत येणारा जोरदार झोत नाजूक मांस सांगाड्यावरून सोलून काढू शकतो. समुद्रात लाट येते आणि परत जाते. टाकीतही पंप तसेच लावतात, कधी इकडून, कधी तिकडून, कधी जोरात, कधी मंद.

अति स्वच्छताही घातक

एकेकाळी नायट्रेट आणि फॉस्फेट जितकं कमी तितकं चांगलं, असं मानलं जायचं. जास्त झालं की टाकीत नको ते शैवाल माजतं हे खरं. पण दोन्ही शून्यावर गेले तरी प्रवाळ फिकट पडतं, कारण आतल्या शैवालाला खतच उरत नाही. अशा पाण्यात डायनोफ्लॅजेलेट नावाच्या सूक्ष्मजीवांचा तपकिरी, चिकट थर पसरण्याचाही धोका असतो. त्यामुळे आता थोडं नायट्रेट, साधारण २ ते १० पीपीएम, आणि थोडं फॉस्फेट, साधारण ०.०३ ते ०.१ पीपीएम, मुद्दाम राहू देतात.

काही प्रवाळांमध्ये शैवाल नसतंच. केशरी रंगाचं 'सन कोरल' हे त्यातलं एक. त्याला प्रकाश नको, पण हातानं भरवावं लागतं. ते दिसायला सुंदर असतं, पण नवख्यांच्या टाकीत बऱ्याचदा उपासमारीनं मरतं.

नवीन पाहुणा, नवीन धोका

नवीन प्रवाळासोबत नको असलेले पाहुणेही येतात. ॲक्रोपोरा खाणारे चपटे कृमी त्याच रंगाचे असल्यामुळे डोळ्यांना सहज दिसत नाहीत. त्यांची अंडी औषधी पाण्यात बुडवूनही मरत नाहीत. म्हणून प्रवाळ आधी औषधी द्रावणात बुडवतात, दिसणारी अंडी खरवडून काढतात आणि मग काही आठवडे वेगळ्या टाकीत ठेवतात. हा कंटाळा टाळला की एका प्रवाळापायी सगळी टाकी जाऊ शकते.

दोन प्रवाळांमध्ये अंतर ठेवणंही गरजेचं. काही जाती रात्री लांब शुंडके सोडून शेजाऱ्याला डंख करतात. दिवसा शांत दिसणाऱ्या टाकीत रात्री जागेवरून युद्ध सुरू असतं.

वीज गेली तर?

प्रवाळांना साधारण २४ ते २६ अंश सेल्सिअस तापमान मानवतं. समुद्रातही नेहमीच्या कमाल उन्हाळी तापमानापेक्षा फक्त १ अंश वाढ काही आठवडे टिकली तरी ब्लीचिंग सुरू होऊ शकतं.

थंड देशांत चिंता हीटरची असते. स्वस्त हीटर चालू स्थितीत अडकला तर रातोरात पाणी शिजू शकतं. म्हणून तापमान वाढताच वीज तोडणारा वेगळा कंट्रोलर लावतात. उष्ण देशांत चिलर लागतो आणि वीजबिल त्याचंच जास्त येतं.

वीज गेल्यावर तापमानाच्याही आधी प्राणवायू संपतो. पंप थांबले की पाणी स्थिर होतं, मासे आणि प्रवाळ मात्र श्वास घेतच राहतात. बॅटरीवर चालणारा साधा एअर पंप अशा वेळी महागड्या दिव्यांपेक्षा जास्त कामाचा ठरतो. दिवा एक दिवस बंद राहिला तरी चालतं.

माणसालाही धोका असतो का?

असतो, आणि हे फारसं कुणी सांगत नाही. झोअँथिड नावाची बटणासारखी रंगीत प्रवाळसदृश प्रजाती खूप लोकप्रिय आहे. तिच्या काही जातींमध्ये पॅलीटॉक्सिन नावाचं अत्यंत जहाल विष असतं. टाकीतले खडक स्वच्छ करण्यासाठी लोकांनी ते उकळले आणि वाफेसोबत हे विष श्वासात गेल्यानं अख्खं कुटुंब रुग्णालयात पोहोचलं, अशा घटना वैद्यकीय नियतकालिकांत नोंदल्या गेल्या आहेत.

म्हणून नियम साधे आहेत. खडक कधीही उकळायचे नाहीत. प्रवाळ हाताळताना हातमोजे आणि चष्मा घालायचा. हाताला जखम असेल तर टाकीत हात घालायचा नाही. आणि टाकीजवळ कीटकनाशक फवारायचं नाही, कारण ते टाकीतल्या जिवांना मारतं.

प्रवाळ आजारी आहे हे कसं ओळखायचं?

मांस शाबूत आहे पण रंग पांढरट झालाय, तर ते ब्लीचिंग. प्रकाश आणि तापमान तपासायचं. मांसच बुडापासून हळूहळू निघतंय आणि कोरा सांगाडा दिसतोय, तर बहुतेक वेळा अल्कलिनिटीतले चढउतार किंवा कीड कारणीभूत असते. काही तासांतच मांस गळून पडू लागलं तर उपचाराला वेळ उरत नाही. तेव्हा निरोगी फांदीचं टोक कापून वेगळं लावतात. प्रवाळाचा तुकडा पुन्हा वाढू शकतो, त्यामुळे निदान तो वंश वाचतो.

घाबरून एकाच दिवशी पाणी, दिवा आणि औषध तिन्ही बदलणं ही मोठी चूक. मग नेमकं कशानं बिघडलं आणि कशानं सुधारलं, दोन्ही कळत नाही. आधी मोजायचं, मग एकच गोष्ट बदलायची आणि थांबायचं.

भारतात असं प्रवाळ ठेवता येतं का?

व्हिडिओ पाहून मोह झालेल्यांसाठी हा भाग महत्त्वाचा.

२००१ पासून भारतात रीफ बांधणारी सर्व कडक प्रवाळं, काळं प्रवाळ, ऑर्गन पाइप प्रवाळ, फायर कोरल आणि सी फॅन यांना वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत स्थान आहे. ही तीच अनुसूची, जिच्यात वाघही येतो. २०२२ च्या दुरुस्तीनंतरही हे संरक्षण कायम आहे. या अनुसूचीतल्या प्राण्यांबाबतच्या गुन्ह्याला तीन ते सात वर्षांपर्यंत तुरुंगवास आणि किमान २५ हजार रुपये दंड अशी तरतूद आहे.

म्हणजे मालवण, लक्षद्वीप किंवा अंदमानच्या सहलीतून शोभेसाठी प्रवाळाचा तुकडा उचलून आणणंही महागात पडू शकतं, मग तो मेलेला का असेना. परदेशातून आणायचं म्हटलं तर कडक प्रवाळं साइट्स या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहेत, त्यामुळे परवान्याशिवाय व्यापार करता येत नाही. ऑनलाइन कुणी 'फ्रॅग' विकत असेल तर कागदपत्रं मागावीत, आणि शंका असेल तर वन विभागाला विचारल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

खाऱ्या पाण्याच्या टाकीची हौस असेल, तर टाकीत वाढवलेले क्लाउनफिश आणि कृत्रिम प्रवाळं हा सुरक्षित पर्याय आहे. परदेशात राहणाऱ्या मराठी मंडळींनी तिथले नियम पाहून शक्यतो समुद्रातून काढलेली नव्हे, तर टाकीत वाढवलेली प्रवाळंच घ्यावीत.

मग या छंदाचा उपयोग काय?

उपयोग आहे, आणि तो दिवाणखान्याबाहेरचा आहे. २०१४ मध्ये फ्लोरिडात मायामीजवळ प्रवाळांचं मांस गळवणारा एक संसर्ग दिसला आणि तो पुढे पसरत गेला. तेव्हा निरोगी प्रवाळं समुद्रातून काढून अमेरिकेतल्या वेगवेगळ्या मत्स्यालयांत हलवण्यात आली. २०२३ च्या उन्हाळ्यात तिथलं समुद्राचं पाणी इतकं तापलं की समुद्रातल्या रोपवाटिकांमधली प्रवाळं जमिनीवरच्या टाक्यांमध्ये आणावी लागली.

लंडनच्या हॉर्निमन संग्रहालयातल्या संशोधकांनी टाकीत ऋतूंप्रमाणे तापमान आणि चंद्राच्या कलांप्रमाणे प्रकाश बदलून प्रवाळांचं प्रजनन घडवून आणलं. पुढे हेच तंत्र वापरून टँपाच्या फ्लोरिडा ॲक्वेरियममध्ये २०१९ साली पिलर कोरलचं प्रजनन झालं.

या सगळ्यामागचं ज्ञान, म्हणजे किती प्रकाश, किती कॅल्शियम, कसा प्रवाह, हे जसं प्रयोगशाळांमधून आलं, तसंच घरात टाकी सांभाळत रात्री-बेरात्री पाणी तपासणाऱ्या शौकिनांकडूनही आलं.

याची गरज वाढतच चालली आहे. एप्रिल २०२४ मध्ये अमेरिकेच्या नोआ या संस्थेनं जगात चौथं जागतिक ब्लीचिंग सुरू असल्याचं जाहीर केलं. त्याच वर्षी लक्षद्वीपमध्येही मोठं ब्लीचिंग झालं. टाकीत पाणी तापलं तर पंखा लावता येतो, चिलर चालू करता येतो. समुद्राला तशी सोय नाही.

आपल्याला प्रवाळ पाहायचंच असेल तर ते फार लांब नाही. मालवणचं सागरी अभयारण्य १९८७ पासून आहे. मुंबईतही कोस्टल रोडच्या कामावेळी वरळी आणि हाजी अलीच्या किनाऱ्यावर प्रवाळं सापडली होती आणि २०२० मध्ये ती दुसरीकडे हलवण्यात आली. पुढच्या वेळी तारकर्ली-मालवणला स्नॉर्केलिंग करताना पायाखाली खडक आला, तर त्यावर उभं राहण्याआधी एकदा नीट पाहा. तो खडक नसून शेकडो जिवांचं घर असू शकतं.